चौथी पिशवी

"यावर सही करा म्हणायलेत सगळे," मंजुश्री बिरादार म्हणाली आणि तिनं टाइप केलेला एक कागद टेबलावर ठेवला. "मी करणार न्हाई. पण सही न करता उभं कसं राहायचं, ते मला ठाऊक न्हाई. म्हणून आलेय."

बिदरच्या नौबाद भागात, एका झेरॉक्सच्या दुकानावर, उमादेवी मूलगे यांचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. दोन खुर्च्या, एक कपाट आणि कोपऱ्यात अंबाजीचा स्टूल. उमादेवी पूर्वी विक्रीकर खात्यात होत्या. वरून फोन आला म्हणून फाईल बंद करायला त्यांनी नकार दिला, बदली झाली, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली. अंबाजी तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. आता तो उमादेवीअक्कांची जुनी गाडी चालवायचा आणि तपासात मदत करायचा, म्हणजे निदान त्याचा तसा समज होता.

उमादेवींनी कागद वाचला. 'आमच्या मालात अनवधानाने दोष राहिला. आम्ही निविदा मागे घेत आहोत.' खाली सहीची जागा रिकामी.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

मंजुश्रीची हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत लहानशी डाळ मिल होती. अकरा बायका कामाला. सरकारी वसतिगृहांना वर्षभर तूरडाळ पुरवायचं काम यंदा फक्त लहान उद्योगांसाठी राखून ठेवलं होतं. नोंदणी असलेल्यांना अनामतही माफ. तिनं निविदा भरली आणि तिचा दर सगळ्यांत कमी निघाला.

"मग नमुना घ्यायला निविदेच्या सरकारी ऑफिसचे प्रशांतकुमार आले. माझ्यासमोर पोत्यातनं डाळ काढली, तीन पिशव्यांत भरली, लाखेचं सील केलं. एक पिशवी तपासणीला, एक ऑफिसात, एक माझ्या कपाटात. तीन आठवड्यांनी अहवाल आला. डाळीत बंदी असलेला पिवळा रंग!"

"सील?"

"जसंच्या तसं. म्हणून तर कुणी ऐकंना. त्याच पोत्यातली डाळ मी कलबुर्गीला खाजगीत तपासून घेतली. स्वच्छ निघाली. ते म्हणायलेत, बाई, ही डाळ तुम्ही नंतर भरली असंल." तिचा आवाज चढला. "सही केली तर काळ्या यादीत टाकणार न्हाईत म्हणे. चोरी न करता चोर म्हणून माफी मागू? अकरा घरं त्या मिलवर चालतात, अक्का. उद्या कोण आमची डाळ घेईल?"

"सुनावणी कधी?"

"शुक्रवारी. आज सोमवार."

उमादेवींनी कागदाची घडी घालून तो परत दिला. "हा जपून ठेवा. सही मात्र नको."

*

हुमनाबादला पोचेपर्यंत दुपार झाली. तुरीचा हंगाम, त्यामुळे हमरस्त्यावर पोत्यांच्या लॉऱ्यांची रांग लागली होती. मिलच्या दाराबाहेर दोन म्हशी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, खायला मिळेल म्हणून ताटकळत उभ्या होत्या. आत यंत्राचा खडखडाट, हवेत पिवळसर भुकटी आणि भिंतीपर्यंत उडालेली टरफलं.

उमादेवींनी कपाटातली तिसरी पिशवी पाहिली, पण सीलला हात लावला नाही. मांजरपाटाची पांढरी पिशवी, तोंडाला निळी नाडी, नाडीच्या गाठीवर लाख. त्यांनी भिंगातून लाख पाहिली, शिवण पाहिली.

"उघडलेली नाही, उसवूनही शिवलेली नाही," त्या म्हणाल्या. "किल्ली कुणाकडं?"

"माझ्या कमरेला. झोपतानासुद्धा."

जेवणाची सुट्टी झाली. गंगम्मा नावाच्या वयस्क बाईनं दोघांना आग्रहानं बसवलं. ती मिलमधली सगळ्यांत जुनी. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी आणि भात होता. उमादेवींचा सोमवार होता, त्यांनी नुसतं ताक घेतलं. अंबाजीनं मात्र भातही वाढून घेतला.

"चित्रान्न व्हय?" त्यानं विचारलं.

"कुठलं चित्रान्न! साधा भात हाय."

"पिवळा दिसायलाय की."

"सून म्हणते दोनदा धुतले तांदूळ. काय घालते देव जाणे."

अंबाजीनं घास घेतला. हळदीची चव नाही, लिंबाची नाही. भात बरा होता, त्यानं संपवला.

उमादेवी गंगम्माला विचारत होत्या. "नमुना घेतला त्या दिवशी तुम्ही होता?"

"व्हय. पिशव्या मीच घेतल्या की. सकाळी रिक्षावाला पुडकं देऊन गेला. म्हणला, ऑफिसच्या पिशव्या हायत, नमुन्यासाठी, साहेब येतील तवा द्या. मी टेबलावर ठेवल्या. मग साहेब आले."

"किती होत्या?"

"चार. तीन लागल्या. चौथी मी बाईंना विचारून घरी नेली. कोरी पिशवी, वाया कशाला घालवायची?"

"साहेब येणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?" उमादेवींनी मंजुश्रीकडं पाहिलं.

"तारीख ठाऊक होती. पिशव्यांचं कुणी काही बोललं न्हाई. त्या ऑफिसनंच पाठवल्या ना?"

बाहेर येताना उमादेवी अंबाजीला म्हणाल्या, "अण्णा, भात कसा होता?"

अक्का आपल्या खाण्यावर टोमणा मारताहेत असं वाटून अंबाजीनं नुसतं गाडीचं दार उघडलं.

*

प्रशांतकुमार सडपातळ, घाबरट माणूस होता. संध्याकाळी ते त्याच्या ऑफिसात पोचले तेव्हा टेबलावर फायलींची भिंत रचून तो तिच्यामागं बसला होता.

"मॅडम, मी नियमानं काम केलं. पोतं त्यांनी दाखवलं, डाळ मी काढली, सील मी केलं. माझ्या सह्या आहेत."

"पिशव्या कुणाच्या?"

"मिलच्या."

"त्या म्हणतात ऑफिसच्या."

तो गोंधळला. "छे! आमच्या पिशव्यांवर शिक्का असतो, नंबर असतो. त्या आठवड्यात साठा संपला होता. म्हणून मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, एक जास्तीची धरून चार कोऱ्या पिशव्या तयार ठेवा. गेलो तर टेबलावर तयार होत्या."

"फोनवर कोण बोललं? बाई की बाप्या?"

"बाप्या होता. 'ठेवतो' म्हणाले. मिलचाच माणूस असणार. फाईलवर जो नंबर आहे तोच लावला मी."

"पिशव्या स्वच्छ होत्या?"

"तशा होत्या. आतून जरा पिवळसर. पण मॅडम, डाळ मिलमध्ये तर माणसंसुद्धा पिवळी असतात."

उमादेवींनी फाईलवरचा तो नंबर आपल्या वहीत लिहून घेतला. अंबाजीला वाटलं, नंबर मंजुश्रीचाच असणार, लिहून काय घ्यायचा? प्रशांतकुमारचा घाम बघून त्याची खात्रीच पटली होती. जिन्यात तो कुजबुजला, "हाच हाय बघा अक्का. दोष बाईंच्या गळ्यात घालायलाय."

"घाबरलेला आहे," उमादेवी म्हणाल्या. "पण घाबरणं आणि खोटं बोलणं एक नव्हे."

*

दुसऱ्या दिवशी ते अरुणकुमार शेटकारांच्या मिलवर गेले. हमरस्त्याला लागून चार मजली गोदाम, दारात वजनकाटा. शेटकार गादीवर रेलून बसले होते आणि त्यांनी राग लपवला नाही.

"लहानांना राखीव! कामून? माझी डाळ काय कडू हाय? मी दिवसाला शंभर पोती काढतो, आणि सरकार म्हणतं, तुम्ही अर्जसुद्धा करू नका!"

"म्हणजे मंजुश्रीबाई बाद झाल्या तरी काम तुम्हाला मिळत नाही."

"न्हाईच मिळत. पण डाळ माझीच जाणार." ते हसले. "दुसऱ्या नंबरवर बसवज्योती फूड्स हाय. त्यांचा माणूस येऊन माझ्याकडं वर्षभराच्या तयार डाळीचा भाव ठरवून गेला. मला काय, कुणीबी न्या!"

"कधी येऊन गेला?"

"महिना झाला असंल. निविदा उघडली त्याच आठवड्यात."

अंबाजीला हा माणूस प्रशांतकुमारपेक्षाही जास्त संशयास्पद वाटला. एवढ्या मोठ्या आवाजात बोलणारा काहीतरी दडवत असणारच, असा त्याचा बसच्या दिवसांपासूनचा अनुभव होता.

*

हरिओम सूर्यवंशीला भेटायचं मंजुश्रीनंच सुचवलं होतं. हरिओम म्हणजे वसाहतीतल्या लहान उद्योगांचा आधार. नोंदणी, सवलती, कर्जाचे अर्ज, निविदा, सगळे कागद तोच करायचा. मंजुश्रीची निविदाही त्यानंच भरली होती.

'मातोश्री सोजराबाई निवास' असं संगमरवरात कोरलेल्या घराच्या तळमजल्यावर त्याचं ऑफिस होतं. आईचं नाव घराला दिलेलं बघून अंबाजीला मुलगा आवडला. ऑफिसही टापटीप. प्रत्येक गिऱ्हाइकाचे कागद पांढऱ्या मांजरपाटाच्या पिशवीत, पिशवीला निळी नाडी, नाडीला नावाची चिठ्ठी. भिंतभर खिळ्यांवर त्या पिशव्या लटकत होत्या.

"बाईंची डाळ शुद्ध आहे," हरिओम कळवळून म्हणाला. "माझी शंभर टक्के खात्री आहे. पण मॅडम, सरकारशी कोण भांडणार? म्हणून तो माफीचा कागद मीच टाइप करून दिला. सही करून मोकळं व्हावं."

"अपिलाचा हक्क आहे ना? तिसरी पिशवी उघडून तपासता येते."

"अपील चुकूनही करू नका! तिसरी पिशवीही पिवळीच निघणार. मग दुप्पट बदनामी. मी बाईंच्या भल्याचं सांगायलोय."

उमादेवींनी मान डोलावली. चहा झाला, त्यांनी आभार मानले.

"भला माणूस," अंबाजी गाडी सुरू करत म्हणाला.

"आता बसवज्योती फूड्सकडं घ्या."

ते वसाहतीच्या टोकाला एक पत्र्याचं शेड निघालं. शटर बंद. दारात ना टरफलं, ना चुनी, ना म्हशी. विजेच्या मीटरवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. मीटरचे आकडे हलत नव्हते. पाटीवर लहान अक्षरांत लिहिलं होतं: 'मालक: सोजराबाई सूर्यवंशी'.

हे नाव कुठंतरी वाचलंय, असं अंबाजीला वाटत राहिलं. बिदरला पोचेपर्यंत ते काही आठवलं नाही.

*

शुक्रवारी अकरा वाजता निविदा समितीच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली. अध्यक्ष नेत्रावती हिरेमठ मधे बसल्या होत्या, शेजारी प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. प्रशांतकुमार आणि शेटकार आले होते. हरिओम मंजुश्रीच्या बाजूच्या खुर्चीत, तिचा सल्लागार म्हणून. मागच्या बाकांवर मिलच्या अकराही बायका बसल्या होत्या. त्या दिवशी मंजुश्रीनं मिल बंद ठेवली होती.

"बाई, पत्रावर सही केलीत का?" अध्यक्षांनी विचारलं.

मंजुश्री उठली. "न्हाई. मी अपील करायलेय. माझी तिसरी पिशवी सगळ्यांसमोर उघडा. आणि माझ्या वतीनं उमादेवीअक्का बोलतील."

हरिओमनं कपाळाला हात लावला. "ऐका हो माझं..."

पंचांसमोर सील फोडलं गेलं. पांढऱ्या ताटात डाळ ओतली. तंत्रज्ञांनी चिमूटभर डाळ पाण्यात टाकून ॲसिडचे थेंब सोडले. पाणी जांभळट गुलाबी झालं. वरून आणखी पाणी ओतलं तरी रंग गेला नाही.

"हळद असती तर पाणी ओतल्यावर गुलाबी रंग उतरला असता," ते म्हणाले. "हा बंदी असलेलाच रंग."

मंजुश्रीचा चेहरा उतरला, पण ती खाली बसली नाही. अंबाजीला आपल्या अक्कांचा पहिल्यांदाच राग आला.

"आता हे करा," उमादेवी शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून एक पिशवी काढली. मांजरपाटाची, निळ्या नाडीची. "ही गंगम्मांच्या घरून काल आणली. या चौथ्या पिशवीत डाळीचा एक दाणाही कधी गेलेला नाही. गंगम्मा हिच्यात तांदूळ ठेवतात. तेच तांदूळ तपासा."

तंत्रज्ञांनी तांदूळ पाण्यात हलवले. पाणी पिवळं झालं. ॲसिडचे थेंब पडले आणि तोच जांभळट गुलाबी रंग उमटला.

अंबाजीचा हात नकळत पोटावर गेला.

"रंग डाळीत नव्हताच," उमादेवी म्हणाल्या. "तो पिशव्यांत होता. डाळ भरण्याआधीच कुणीतरी पिशव्यांना आतून कोरडा रंग चोळून ठेवला होता. म्हणून तर सील फोडायची गरज पडली नाही. तिन्ही नमुने प्रामाणिकपणे घेतले, प्रामाणिकपणे सील केले आणि तिन्ही बिघडले. आता तांदूळ काढून त्या पिशवीची शिवण उलटून बघा, साहेब."

तंत्रज्ञांनी पिशवी उलटी केली. शिवणीच्या घडीत पिवळी भुकटी साचली होती.

"पिशव्या मिलच्या होत्या!" प्रशांतकुमार ओरडला.

"तुम्हाला वाटलं मिलच्या, मिलला वाटलं तुमच्या. आणून दिल्या त्या एका रिक्षावाल्यानं. ज्यानं पाठवल्या त्याला एक गोष्ट ठाऊक होती: ऑफिसच्या पिशव्या संपल्यात आणि चार कोऱ्या पिशव्या लागणार आहेत. हे तुम्ही किती जणांना सांगितलं?"

"एकालाच. फोनवर."

"मंजुश्रीबाईंना तो फोन आलाच नाही." उमादेवींनी वही उघडली. "तुमच्या फाईलवरचा नंबर हा."

त्यांनी आपला फोन काढला आणि नंबर लावला. क्षणभरानं मंजुश्रीच्या शेजारच्या खुर्चीत, हरिओमच्या खिशात, भजनाची धून वाजू लागली.

हरिओमनं घाईनं फोन बंद केला. "सगळ्यांच्या अर्जावर माझाच नंबर असतो. लोकांना फोन कळत नाहीत, म्हणून. यात काय गुन्हा?"

"काहीच नाही. पिशव्या पाठवणं हाही गुन्हा नाही. पण तुम्ही ते कुणालाच का सांगितलं नाही? निळ्या नाडीच्या अशा पिशव्या तुमच्या ऑफिसात भिंतभर लटकल्या आहेत."

"मांजरपाट बाजारात कुणीही घेईल!"

"खरं आहे. म्हणून मी पिशव्यांवर थांबले नाही. मंगळवारी तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात. बाईंची डाळ शंभर टक्के शुद्ध आहे. आणि तिसरी पिशवी पिवळीच निघणार. ती पिशवी सील केल्या दिवसापासून बाईंच्या कपाटाबाहेर गेली नव्हती. शुद्ध डाळ कुलपात पिवळी कशी होईल, हरिओम? या दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असणारा माणूस एकच. ज्यानं पिशवी तयार केली तो."

हरिओम खुर्ची मागं सरकवून उठू लागला.

"पण त्याला काय फायदा?" शेटकारांनीच मागून विचारलं.

"तुमच्याकडं वर्षभराच्या डाळीचा भाव ठरवायला कोण आलं होतं, शेटजी?"

शेटकारांनी हरिओमकडं बोट केलं. "हाच की! मी म्हटलं, बसवज्योतीचे कागद बघतो, म्हणून आला असंल."

"बसवज्योती फूड्समध्ये यंत्र फिरत नाही. मीटरवर जाळी आहेत. तो उद्योग फक्त कागदावर आहे आणि त्याच्या मालकीण सोजराबाई सूर्यवंशी. हरिओमच्या आई."

संगमरवरी अक्षरं अंबाजीच्या डोळ्यांसमोर लख्खकन आली. त्यानं मांडीवर थाप मारली, इतकी जोरात की अध्यक्षांनी वळून पाहिलं.

"लहानांसाठी राखलेलं काम खोट्या लहानाच्या नावानं घ्यायचं, डाळ मोठ्या मिलमधून उचलायची आणि मधला नफा खिशात घालायचा. वाटेत एकच खरी लहान मिल होती. तिला पुसायला मूठभर रंग आणि माफीचा एक कागद पुरेसा होता. कागदावर सही झाली असती तर तिसरी पिशवी कधी उघडलीच नसती."

मंजुश्री हरिओमकडं वळली. "माझ्या पोरीच्या बारशाला आलतास तू," ती म्हणाली. "दादा म्हणत होते तुला."

अध्यक्षांनी शिपायाला दार लावायला सांगितलं आणि पोलिसांना फोन केला.

*

तासाभरानं जबाब संपले. अध्यक्ष थकल्या होत्या. "बाई, झालं ते वाईट झालं. आम्ही ही निविदाच रद्द करतो. तुमच्यावर ठपका नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भरा."

"न्हाई," मंजुश्री म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढच्या वर्षी कामून? दर माझा कमी होता, नोंदणी माझी खरी हाय, मिल माझी चालू हाय. अहवाल आल्यापासून बाजारात मला भेसळवाली म्हणायलेत. ठपका नाही, हे तोंडी नको. लेखी द्या, शिक्क्यानिशी, जिथं जिथं तो अहवाल पाठवला तिथं पाठवा. आणि नमुना आज घ्या. तुमच्या नंबराच्या पिशव्यांत. मी दार सताड उघडं ठेवते, सगळी वसाहत बघू दे."

मागच्या बाकांवरून गंगम्मा उठली. तिच्यामागं एकेक करत बाकीच्या दहाही उठल्या. कुणी घोषणा दिली नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

नेत्रावती हिरेमठांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांनी पेन उचललं. "प्रशांतकुमार, गोदामातून नव्या पिशव्या काढा. मी स्वतः येते."

दुपारी चार वाजता मिलसमोर साठ-सत्तर माणसं जमली होती. अध्यक्षांनी स्वतः पोतं निवडलं, पिशव्या उलट्यासुलट्या करून सगळ्यांना दाखवल्या, मगच डाळ भरली. मंजुश्रीनं नमुन्याच्या कागदावर ठसठशीत सही केली.

अध्यक्षांची गाडी गेल्यावर गर्दीतून एक पन्नाशीचा माणूस पुढं आला. कल्लप्पा, वसाहतीतला पापडवाला. त्यानं काखेत एक फाईल घट्ट धरली होती.

"उमादेवीअक्का," तो म्हणाला, "मागल्या साली माझाबी दर कमी होता. मलाबी असाच एक कागद दिला हरिओमनं. मी सही केलो. भ्यालो होतो."

उमादेवी काही बोलायच्या आत मंजुश्रीनं आतून खुर्ची आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"बसा, काका," ती म्हणाली. "सही केलाव म्हणून काय झालं? कागद काढा. आपण पहिल्या पानापासून वाचू."